मायएसक्यूएल रेप्लिकेशनमध्ये स्टोअर्ड प्रोसिजर: या चुका टाळा

प्रोसिजर सोर्सवर (मूळ सर्व्हरवर) चालली, डेटा रेप्लिकावर (त्याची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरवर) पोहोचला, पण बिनलॉग, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारी बायनरी लॉग फाइल, चाळला तर प्रोसिजर चालवणारा ‘कॉल’ कुठेच नाही. मग लॉगिंगच बंद असेल असं वाटतं आणि लोक सेटिंग्ज हलवू लागतात. तसं करू नका. मायएसक्यूएल ‘कॉल’ बिनलॉगमध्ये लिहीतच नाही. स्टेटमेंट फॉरमॅट असेल तर प्रोसिजरच्या आत चाललेली, डेटा बदलणारी स्टेटमेंट्स एकेक करून जातात; लोकल व्हेरिएबलच्या जागी ‘नेम कॉन्स्ट’ दिसतं, त्यात व्हेरिएबलचं नाव आणि त्या क्षणीची व्हॅल्यू. रो फॉरमॅटमध्ये, जो ५.७.७ पासून डिफॉल्ट आहे, फक्त बदललेल्या रो (टेबलातल्या ओळी) जातात. मूळ स्टेटमेंटही दिसायला हवं तर ‘बिनलॉग रोज क्वेरी लॉग इव्हेंट्स’ आधीपासून चालू ठेवा. नंतर चालू करून जुन्या लॉगमध्ये काही उगवत नाही.

फंक्शनचं गणित निराळं. डेटा बदलणारं फंक्शन सिलेक्टमधून चाललं, तर स्टेटमेंट फॉरमॅटमध्ये तो सिलेक्टच लॉग होतो आणि रेप्लिका फंक्शन नव्याने चालवते. फंक्शन बनवताना येणारी १४१८ एरर याचसाठी आहे: डिटरमिनिस्टिक (त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर), नो एसक्यूएल किंवा रीड्स एसक्यूएल डेटा यांपैकी काहीतरी जाहीर करा, असं सर्व्हर सांगतो. सगळ्यात वाईट उपाय म्हणजे एरर घालवण्यापुरता ‘डिटरमिनिस्टिक’ शब्द चिकटवणं. सर्व्हर त्याची खातरजमा करत नाही. आत यूयूआयडी (दर वेळी नवा निघणारा ओळख क्रमांक) घेऊन पावती क्रमांक बनत असेल, तर सोर्सवर एक आणि रेप्लिकावर दुसराच क्रमांक बसेल. ‘नाऊ’ला धोका नाही, कारण त्याची वेळ बिनलॉगमधल्या नोंदीसोबतच जाते, ‘सिसडेट’ला आहे. ही तपासणीच सोडून देणारं ‘लॉग बिन ट्रस्ट फंक्शन क्रिएटर्स’ व्हेरिएबल १ करणं हा दुसरा मार्ग. रो फॉरमॅटवर असाल तर माझ्या मते तो चालेल. स्टेटमेंटवर असाल तर आधी फंक्शन वाचा. हे व्हेरिएबल ८.०.३४ पासून डेप्रिकेटेड (पुढे काढून टाकण्याच्या यादीत) आहे, तेव्हा नव्या स्क्रिप्टचा पाया त्यावर घालू नका.

बिनलॉगला ऑडिट समजणं ही आणखी एक चूक. प्रोसिजर कोणी, किती वाजता चालवली हे हवं असेल तर स्वतःचं लॉग टेबल ठेवा. मात्र तिथे दोन खाचखळगे आहेत. डिफायनरच्या (प्रोसिजर ज्याच्या नावावर बनली त्या युजरच्या) हक्काने चालणाऱ्या प्रोसिजरमध्ये ‘करंट यूजर’ विचारलं की प्रत्येक ओळीत डिफायनरचंच नाव येतं. चालवणाऱ्याचं नाव ‘यूजर’ फंक्शन देतं. आणि लॉग टेबल इनोडीबी या ट्रान्झॅक्शन पाळणाऱ्या स्टोरेज इंजिनचं असेल तर ट्रान्झॅक्शन रोलबॅक होताच त्यातली नोंदही जाते, म्हणजे जी फसलेली रन शोधायची तीच गायब. यावर उतारा: एक्झिट हँडलरमध्ये (एरर आल्यावर चालणाऱ्या भागात) आधी रोलबॅक, मग नोंद, मग कमिट आणि शेवटी रीसिग्नल, म्हणजे तीच एरर पुन्हा वर पाठवणं.

एका अपडेटने लाखभर रो बदलणारी प्रोसिजर रो फॉरमॅटमध्ये लाखभर रो पाठवते. टेबलाला प्रायमरी की किंवा दुसरा उपयोगी इंडेक्स नसेल तर त्या रो शोधायला रेप्लिका टेबल स्कॅन करत बसते. मग लॅगचं (रेप्लिका मागे पडण्याचं) खापर नेटवर्कवर फुटतं! आधी की द्या, मग अपडेटचे तुकडे करून कमिट करा.

रेप्लिकेशनचा एक छुपा दोष असा की रेप्लिकावरची प्रोसिजर कधी चालतच नाही, त्यामुळे ती मोडलेली असली तरी कळत नाही. डिफायनर युजर तिथे नसेल तर १४४९ एरर फेलओव्हरनंतर (रेप्लिकाने सोर्सची जागा घेतल्यावर), पहिल्याच कॉलला येते. सोर्सवर ‘एसक्यूएल लॉग बिन’ (त्या सेशनचं बिनलॉगिंग) बंद ठेवून बनवलेली प्रोसिजर तर रेप्लिकावर नसतेच. ‘इन्फर्मेशन स्कीमा’च्या रूटीन्स टेबलातून नावं आणि डिफायनर दोन्हीकडे काढून जुळवा. रात्रीची प्रोसिजर इव्हेंटमधून (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामातून) चालत असेल तर तेही बघा: रेप्लिकावर पोहोचलेला इव्हेंट तिथे बंद अवस्थेत असतो, आणि रेप्लिकाला सोर्स केल्यावर ‘ऑल्टर इव्हेंट’ने तो हाताने चालू करावा लागतो.