डीप ब्लूचा तो डाव इंजिनला दाखवताय? या चुका टाळा

न्यूयॉर्क, ४ मे १९९७. आयबीएमचा बुद्धिबळ संगणक डीप ब्लू आणि जगज्जेता कास्पारोव्ह यांच्या सामन्यातला दुसरा डाव. पंचेचाळिसाव्या खेळीत डीप ब्लूने हत्ती ए६ वर आणला आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कास्पारोव्हने डाव सोडला. दुसऱ्या दिवशी त्याच्याच मदतनिसांनी त्याला सांगितलं, की वजीर ई३ वर नेऊन सतत शह देत बरोबरी करता आली असती. नवं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, हाती आलं की पोरं आधी हीच स्थिती मांडतात, आणि चुकाही ठरलेल्याच करतात.

खेळी कोणाची, ते न पाहणं

आमच्या वर्गात एक कॉलेजकुमार फोन नाचवत आला. "सर, बरोबरी-बिरोबरी सगळं खोटं आहे. पांढरा सरळ जिंकतोय, इंजिन बघा!" कोण किती पुढे आहे हे सांगणारा इंजिनचा आकडा खरंच दणदणीत होता. मी विचारलं, इंजिन पहिली खेळी कोणती सांगतंय? तर म्हणे, हत्तीने बी६ वरचा वजीर मारायचा. अरे बाबा, हत्ती ए६ वर आला तीच पांढऱ्याची खेळी होती! लागोपाठ दोन खेळ्या मिळाल्या तर डीप ब्लू कशाला हवा, माझी आजीही जिंकेल. स्थिती हाताने मांडायच्या पडद्यावर, म्हणजे बोर्ड एडिटरमध्ये, बहुधा आधीपासूनच पांढऱ्याची खेळी लावलेली असते, ती बदलायची राहिली होती. पोरानं तोवर त्यावर व्हिडिओही टाकला होता.

मी स्थिती हाताने मांडतच नाही. अख्ख्या डावाची पीजीएन फाइल (सगळ्या खेळ्यांची नोंद) घेतो आणि पहिल्या खेळीपासून पुढे येतो. वेळ जातो, जाऊ दे. शिवाय नुसती एफईएनची ओळ (एकाच स्थितीची नोंद) चिकटवली तर आधी कोणत्या स्थिती येऊन गेल्या हे इंजिनला कळत नाही, आणि पुनरावृत्तीचा हिशेब अर्धवट राहतो.

पहिल्या आकड्यावर उठणं

माझा खरा राग यावर आहे. बरोबरीची ती ओळ, म्हणजे खेळ्यांची मालिका, घ्या: काळा वजीर ई३, मग पांढरा वजीर डी६ वरचा उंट मारतो, आणि काळा शांतपणे हत्ती ई८ वर ठेवतो. एक उंट गेलेला, शह नाही, मारामारी नाही. पांढऱ्याने एच४ केलं तर काळा एच५ करतो. ते प्यादं जी४ घरावर डोळा ठेवून असतं, म्हणजे पांढऱ्या राजाला पळायला एक वाट कमी. या सगळ्याची किंमत कितीतरी शहांनंतर वसूल होते. अशा ठिकाणी दहा सेकंदांत दिसलेल्या आकड्यावर निकाल देणाऱ्याने बुद्धिबळ सोडून कॅरम खेळावा.

माझी सवय अशी: ओळीच्या शेवटापर्यंत स्वतः खेळत जायचं, तिथे इंजिनला बसू द्यायचं, मग एकेक खेळी मागे यायचं. मागे येताना आकडे बदलतात, कारण पुढे शोधलेलं इंजिनच्या स्मृतीत शिल्लक असतं. एकाऐवजी तीन ओळी दाखवायला लावा. आणि फक्त शेवटची स्थिती कुरतडत बसू नका, चव्वेचाळिसावी खेळीही तपासा: पांढरा राजा एफ१ ऐवजी एच१ वर गेला असता तर काय?

बाकीच्या चुका थोडक्यात.

डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचं. तुमचा लॅपटॉप तेवढं करत नाही, तरी आजचं स्टॉकफिश हे इंजिन डीप ब्लूला लोळवेल. वेग आणि खोलीचे (किती खेळ्या पुढचं पाहिलं त्याचे) आकडे शेजारी मांडून तुलना करू नका. आजची इंजिनं निरुपयोगी वाटणाऱ्या खेळ्यांच्या फांद्या फार निर्दयपणे छाटतात.

जुन्या लेखातला +१ (साधारण एका प्याद्याची आघाडी) आणि आजचा +१ वेगळे. स्टॉकफिश १५.१ पासून +१ म्हणजे पांढरा जिंकण्याची शक्यता साधारण निम्मी.

"टेबलबेसमध्ये बघा ना, सर!" पटावर वीस मोहरी आहेत. टेबलबेस, म्हणजे मोजक्या मोहऱ्यांच्या स्थितींचे अचूक निकाल साठवलेले कोश, सातपर्यंतच पूर्ण आहेत. आधी मोजा, मग विचारा.