शहरात मोठी स्पर्धा आणणार म्हटले की खर्च कसा तपासायचा

भावांनो, मला खेळ लई आवडतो, शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार फुटबॉल मॅच असली की मी हातातलं काम टाकून जातो, म्हणूनच हे लिहितोय. उद्या कोण म्हणालं कोल्हापुरात अमुक मोठी स्पर्धा आणतोय, त्यासाठी नवीन स्टेडियम बांधतोय, तर पहिलं हे विचारा की स्पर्धा संपल्यावर त्याची देखभाल कोण करणार आणि वर्षाला किती पैशात.

बांधायचा आकडा सगळे सांगतात, देखभालीचा कोण सांगत नाही. माँट्रियलनं १९७६ ला ऑलिम्पिक भरवलं, सिगरेटवर खास टॅक्स लावला तरी कर्ज फिटायला २००६ उजाडलं, स्टेडियमचं छत तर १९८७ ला बसलं. रिओत २०१६ ला ऑलिम्पिक दीड-दोन महिन्यांवर आलेलं असताना राज्य सरकारनं आर्थिक संकट जाहीर केलं, पोलिसांचे पगार थकले होते. आपल्याकडं खासबाग कुस्ती मैदान १९१२ चं, शाहू महाराजांनी बांधलं तेव्हा कुस्ती गावात आधीच होती, म्हणून मैदान आजपण चालतंय. तेव्हा दुसरा प्रश्न, स्पर्धा नसताना, साध्या आठवड्यात तिथं कोण खेळणार?

आता कागद. महापालिकेचं अंदाजपत्रक काढा, बांधकाम भांडवली म्हणजे एकदाच होणाऱ्या खर्चात दिसेल, देखभाल महसुली म्हणजे दरवर्षीच्या चालू खर्चात शोधा, तिथं काहीच नसेल तर तीच खरी अडचण, कारण तो पैसा पुढं रस्ते-पाण्यातनंच जाणार.

मग माहिती अधिकार. जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. मी पहिल्यांदा "एवढा खर्च कशासाठी" असं विचारलं आणि माझा अर्ज परत आला, कारण तिथं मत मिळत नाही, कागद मिळतो. म्हणून प्रकल्प अहवालाची प्रत, ठरावाची प्रत, देखभालीचा अंदाज, कर्ज असेल तर हप्त्यांचा तक्ता, असं नेमकं मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील टाका, कंटाळू नका.

हे सगळं टेंडर निघायच्या आधी करा, एकदा वर्क ऑर्डर म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश गेला की थांबवायलाच पैसे लागतात. आणि देखभालीचा कागद उपलब्ध नाही असं लेखी आलं तर ते उत्तर तालमीत पोरांना वाचून दाखवा आणि चार जण मिळून नगरसेवकाकडं घेऊन जा.