चतुर ओळखताना रंग सगळ्यात शेवटी बघा

‘हा लाल चतुर कोणता?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. महाराष्ट्रात नर लाल असलेल्या सात-आठ प्रजाती तळ्याकाठी आणि ओढ्याकाठी सहज दिसतात. त्यांच्या माद्या पिवळ्या-तपकिरी असतात, आणि कोवळा नर मादीसारखाच दिसतो. काही प्रजातींच्या नरांवर वय वाढलं की निळसर पांढरी भुकटी चढते आणि तोच कीटक परका वाटायला लागतो. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी डोळे, मग पंख आणि बसण्याची ढब, मग पाण्याची जागा, मग पोटाचं टोक, आणि रंग शेवटी. हा क्रम पाळला तर कूळ जागेवरच कळतं. कूळ कळलं की उरलेलं काम निम्म्याहून कमी होतं.

चतुर की टाचणी

डोक्याकडे समोरून किंवा वरून बघा. दोन डोळे डोक्याच्या दोन टोकांना आणि मध्ये एका डोळ्यापेक्षा जास्त अंतर असेल तर ती टाचणी, म्हणजे चतुराची बारीक अंगाची नातलग. डोळे मोठे, डोक्याचा बहुतेक भाग व्यापणारे असतील तर चतुर. टाचणीचे पुढचे-मागचे पंख सारख्याच आकाराचे असतात आणि बसल्यावर ती बहुधा ते पाठीवर मिटते. चतुराचा मागचा पंख बुडाशी रुंद असतो आणि तो पंख पसरून बसतो. पंखांवर एकट्या विसंबू नका. लेस्टिडी कुळातल्या टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवून, काडीला तिरक्या लटकून बसतात.

संध्याकाळी दिव्यावर येणारा, लांब पंखांचा, टाचणीसारखा दिसणारा एक किडा हमखास फसवतो. त्याच्या मिशा लांब आणि टोकाला जाड असतील तर तो अँटलायन, म्हणजे वेगळाच कीटक. चतुर आणि टाचणीच्या मिशा केसाएवढ्या बारीक आणि आखूड असतात.

चतुरांची कुळं: डोळे कुठे भेटतात

डोळे एकमेकांना न भेटता मध्ये स्पष्ट फट असेल तर कूळ गोम्फिडी. आपल्याकडच्या चतुरांत डोळे असे वेगळे असलेलं हे एकच कूळ आहे. अंग काळं-पिवळं, आणि पुष्कळांच्या पोटाचं टोक जाडसर. तलावात किंवा शेततळ्यात उभ्या राहिलेल्या काठीच्या अगदी टोकावर बसणारा मोठा काळा-पिवळा चतुर दिसला, आणि त्याच्या पोटाच्या आठव्या खंडाला (पोटाच्या कड्यांसारख्या दहा भागांतल्या आठव्याला) दोन्ही बाजूंनी पानासारखी झालर असली, तर तो इक्टिनोगोम्फस रॅपॅक्स. वाळूच्या नदीकाठी, बारका, शेपटीच्या टोकाला आकड्यासारखे खाली वळलेले अवयव असलेला दिसला तर पॅरागोम्फस लिनिएटस.

डोळे लांब रेषेत चिकटलेले, अंग मोठं, आणि बसला की फांदीला उभा लटकतो, तर एश्निडी. हे क्वचितच बसतात, पाण्यावर पहारा देत राहतात. सह्याद्रीतल्या डोहांवर विटकरी-काळा, राजेशाही चालीचा अॅनॅक्स इमॅक्युलिफ्रॉन्स फिरतो. सखल भागातल्या तळ्यांवर हिरव्या छातीचा अॅनॅक्स गुटॅटस दिसतो, त्याच्या पोटाच्या सुरुवातीला निळा पट्टा असतो. गायनाकॅन्था जीनसमधले (जीनस म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) दिवसा झाडीच्या सावलीत लटकतात आणि तिन्हीसांजेला उडतात.

डोळे हिरवे, चमकदार, थोड्याच भागात चिकटलेले, पाय विलक्षण लांब आणि काळ्या अंगावर पिवळे पट्टे असतील तर मॅक्रोमिडी. मोठ्या जलाशयाच्या काठाने एकाच रेषेत ये-जा करणारा एपोफ्थॅल्मिया व्हिटाटा याच कुळातला.

उरलेले जवळजवळ सगळे, म्हणजे तळ्याकाठी, भातखाचरात, गटाराशी आणि मैदानात दिसणारे चतुर, लिबेल्युलिडी कुळातले. डोळे भेटतात, आकार मध्यम, बसण्याच्या जागेवर पुन्हा पुन्हा परततात. खात्री करायची असेल तर पंखाच्या बुडाजवळचा शिरांचा त्रिकोण बघा. पुढच्या पंखात तो आडवा, म्हणजे पंखाच्या लांबीला काटकोनात असतो, मागच्या पंखात लांबीच्या दिशेनं असतो. गोम्फिडीत दोन्ही पंखांतले त्रिकोण साधारण सारखे, एश्निडीत दोन्ही लांबट.

या क्रमाचा उपयोग कुठे होतो ते ऑर्थेट्रम सॅबिनावरून कळतं. पिवळट हिरवा, काळे पट्टे, पोटाचं बूड फुगीर आणि मधला भाग बारीक असल्यामुळे नवखा माणूस त्याला गोम्फिडी ठरवतो. डोळे चिकटलेले दिसले की शंका संपते. हा इतर चतुरांना धरून खातो, त्यामुळे त्याच्या पायांत दुसरी प्रजाती दिसली तर ती जोडी समजू नका.

लाल, निळे आणि गोंधळ

लालांत आधी पाय बघा. पाय लाल, चेहरा लाल, डोळे लाल, आणि पोटावर वरून मधोमध केसासारखी काळी रेघ असेल तर क्रोकोथेमिस सर्व्हिलियाचा नर. रेघ नसेल तर ऱ्होडोथेमिस रुफा तपासा. पाय काळे, पंखांच्या शिरा लाल, अंगावर गुलाबी-जांभळी झाक असेल तर ट्रिथेमिस ऑरोरा. कातळावर भर उन्हात बसणारा, चारही पंखांच्या बुडाशी मोठा केशरी डाग असलेला ट्रिथेमिस किर्बी. छाती काळपट-निळसर आणि फक्त पोट जांभळट लाल असेल तर ऑर्थेट्रम प्रुइनोसम. पोटाच्या आठव्या-नवव्या खंडावर काळे ठिपके आणि मागच्या पंखाच्या बुडाशी गडद तपकिरी डाग असेल तर युरोथेमिस सिग्नाटा. पंखच बहुतांशी तांबूस तपकिरी, फक्त टोकं पारदर्शक, तर न्यूरोथेमिस फुल्व्हिया. आणि सांडपाण्याच्या कडेला झुंडीनं बसणारा, पंखांवर रुंद केशरी पट्टा असलेला ब्रॅकिथेमिस कॉन्टॅमिनाटा. घाण पाण्यात तो तग धरतो. एखाद्या तळ्यावर इतर चतुर नाहीसे झाले आणि फक्त हाच उरला असेल, तर तशी नोंद जरूर करा. त्या पाण्याबद्दल ती बरंच सांगते.

निळ्यांत आकार आणि बसण्याची जागा महत्त्वाची. जमिनीवर किंवा पायवाटेवर बसणारा, जेमतेम तीन सेंटिमीटरचा, पोटाच्या टोकाचे अवयव पांढुरके, तर डिप्लॅकोडिस ट्रिव्हियालिस. डोंगरातल्या ओढ्याच्या दगडावर काळपट गडद निळा दिसला आणि मागच्या पंखाच्या बुडाशी छोटा तपकिरी डाग असला तर ट्रिथेमिस फेस्टिवा. पोट सुरुवातीला फुगीर आणि शेवटी एकदम सुईसारखं, तर अॅसिसोमा. ऑर्थेट्रम ग्लॉकम आणि ऑर्थेट्रम लुझोनिकम यांत मात्र घाई नको. ग्लॉकमचा चेहरा गडद असतो, लुझोनिकमचे डोळे फिकट निळसर आणि पोट सडपातळ असतं. चेहऱ्याचा फोटो नसेल तर नोंद ‘ऑर्थेट्रम’ वरच थांबवा.

पंखांवर नक्षी असलेले सोपे. पंखांचा बुडाकडचा भाग काळा, त्यापुढे पांढरा पट्टा आणि टोक पारदर्शक, तर न्यूरोथेमिस टुलियाचा नर. पिवळे-काळे पंख आणि फुलपाखरासारखं संथ उडणं, तर ऱ्हायोथेमिस व्हेरिगाटा.

भिंतीवर, काळ्या दगडावर किंवा सिमेंटच्या हौदाच्या कठड्यावर पंख चिकटवून बसलेला करडा ठिपकेदार चतुर म्हणजे ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. अंगाचा रंग दगडात इतका मिसळतो की तो उडाल्यावरच लक्षात येतो. त्याची खूण पंखाच्या टोकाजवळच्या आयताकृती डागात, टेरोस्टिग्मात असते: मधला भाग गडद आणि दोन्ही टोकं पांढरी. फोटो मोठा करून एवढंच बघितलं तरी पुरतं.

पावसाळ्यात मैदानावर थव्यानं उडणारे, खाली न बसणारे सोनेरी पिवळे चतुर बहुधा पँटाला फ्लाव्हेसेन्स. हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जाणारा हाच. त्याच्यासारखाच उडणारा ट्रॅमिया वेगळा काढायचा तर खालून आकाशाच्या पार्श्वभूमीवर मागच्या पंखाचं बूड बघा. ट्रॅमियाला तिथे गडद लालसर तपकिरी डाग असतो, पँटालाला नसतो. अंधार पडताना पाण्यावर सुसाट जाणारा, मागच्या पंखावर पांढरा ठिपका चमकणारा नर असेल तर थोलिमिस टिलार्गा.

टाचण्या

पंखाच्या पुढच्या कडेला साधारण मध्यावर एक खाच असते, तिला नोडस म्हणतात. पंखाच्या बुडापासून नोडसपर्यंत आडव्या शिरा मोजा. फक्त दोन असतील तर सीनाग्रिऑनिडी, प्लॅटिक्नेमिडिडी, प्लॅटिस्टिक्टिडी किंवा लेस्टिडी. पुष्कळ असतील तर ओढ्याकाठच्या मोठ्या, चमकदार टाचण्यांच्या कुळांपैकी एक.

चमकदारांत कॅलॉप्टेरिजिडी पहिलं. न्यूरोबेसिस चायनेन्सिसचा नर उडताना मागचे पंख हिरव्या धातूसारखे झळकवतो आणि बसला की साधा तपकिरी दिसतो. हिरव्या अंगाच्या व्हेस्टॅलिसमध्ये पंखांची टोकं काळी असतील तर एपिकॅलिस, नसतील तर ग्रॅसिलिस. नाकासारखा पुढे आलेला चेहरा आणि पंखांपेक्षा आखूड पोट असेल तर क्लोरोसायफिडी. सह्याद्रीच्या ओढ्यांतल्या दगडांवर दिसणारी हेलिओसायफा बायसिग्नाटा यातलीच.

तळ्याच्या गवतातल्या बारक्या टाचण्या बहुतेक सीनाग्रिऑनिडी. पोट सलग पिवळं आणि छाती शेवाळी हिरवी: सेरियाग्रिऑन कोरोमँडेलिआनम. पोटाची सुरुवात आणि टोक नारिंगी, मधला भाग काळा: सेरियाग्रिऑन सेरिनोरुबेलम. चेहरा नारिंगी, बाकी निळसर: स्यूडाग्रिऑन रुब्रिसेप्स. पाय पिवळे आणि रुंदट असतील तर प्लॅटिक्नेमिडिडीतली कोपेरा मार्जिनिपेस, तांबूस असतील तर कोपेरा व्हिटाटा. अंग दोऱ्याएवढं बारीक, पोट अतिशय लांब आणि जागा दाट जंगलातल्या ओहोळाची सावली असेल तर प्लॅटिस्टिक्टिडीतली प्रोटोस्टिक्टा. इस्क्नुरा सेनेगॅलेन्सिसच्या माद्यांपासून सावध राहा: काही केशरी, काही हिरवट, काही हुबेहूब नरासारख्या.

नर, मादी, कोवळा

पोटाला दहा खंड असतात. मोजताना टोकाकडून मागे या, शेवटचं छोटं कडं म्हणजे दहावं. पुढून मोजायला गेलात तर पहिला खंड छातीखाली दडलेला असतो आणि सगळा हिशेब एकनं चुकतो. दुसऱ्या खंडाच्या खाली फुगवटा दिसला तर नर. आठव्या-नवव्या खंडाखाली पातं किंवा झालर दिसली तर मादी.

पंख दुधी काचेसारखे चमकत असतील, उडणं अडखळत असेल, तर तो नुकताच कात टाकून पाण्याबाहेर आलेला आहे. अशा वेळी रंगावरून नाव ठरवू नका. एकटी मादी ओळखता येत नसेल तर थोडा वेळ थांबा. नर तिच्या डोक्याला (टाचण्यांत मानेला) धरून जोडी करतो, तेव्हा नरावरून नाव कळतं.

फोटो आणि नोंद

चार कोन हवेत: बाजूनं, वरून, चेहरा समोरून, आणि पोटाच्या टोकाचे अवयव. चौथा बहुतेकांकडून राहतो, आणि गोम्फिडीसारख्या अवघड कुळांत निर्णय त्याच्यावरच होतो. शटर 1/500 च्या वर ठेवा. फ्लॅश टाळा, कारण भुकटीचा निळा रंग त्यानं पांढरा होतो. जवळ जाताना वाकून, अगदी सावकाश जा आणि तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. उडाला तरी जागा सोडू नका, बसणारे चतुर त्याच काडीवर परततात. दुर्बीण घ्यायची असेल तर 2 मीटरवर फोकस होणारी 8x घ्या. कॅमेरा नसला तरी तिच्यानं बरंच काम होतं.

वेळ सकाळी साडेआठ ते अकरा, कोवळ्या उन्हात. काही प्रजातींसाठी सूर्यास्तानंतरचा अर्धा तास वेगळा राखून ठेवा. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा काळ सर्वांत भरगच्च. जंगलातले काही चतुर आणि गोम्फिडी मात्र मे ते जुलैमध्येच दिसतात, म्हणून आंबोली, ताम्हिणी, कोयना अशा भागांत पहिल्या पावसातही जायला हवं. अभयारण्य असेल तर वनविभागाची परवानगी घ्या आणि जाळीनं पकडणं टाळा.

नोंदीत तारीख, गाव, उंची, ऊन की ढग, नर-मादी, आणि पाण्याचा प्रकार लिहा: वाहता ओढा, उभं तळं, हौद, भातखाचर, सड्यावरचं डबकं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना चारही फोटो एकाच नोंदीत टाका. तपासणारे त्यातूनच ठरवतात. चेहरा किंवा टोक नसेल, तर ‘ऑर्थेट्रम, मादी’ एवढंच लिहिलेली नोंद अंदाजानं प्रजातीचं नाव लिहिलेल्या नोंदीपेक्षा जास्त उपयोगी पडते.