मुलांची भांडणं मुलांनीच मिटवायची, तर

पहिली चूक होते ती मध्यस्थ निवडताना. मॉनिटर आणि हुशार मुलं नेमली की वर्गाला ती बाईंचे हेर वाटू लागतात. सातवी-आठवीच्या तुकड्यांत चिठ्ठ्या वाटा आणि विचारा, 'मनातलं कुणाला सांगशील?' ज्यांची नावं जास्त येतील ती घ्या. त्यात एखादा भांडखोर निघाला तर बरंच. ठिणगी कुठे पडते ते त्याला नेमकं कळतं.

तयारीला सहा तासिका ठेवा. त्यातल्या निम्म्या नुसतं ऐकायला आणि ऐकलेलं परत सांगायला. 'तू उगाच चिडलास' हा निवाडा झाला. 'न विचारता सायकल नेली म्हणून राग आला, बरोबर?' हे ऐकणं झालं. मुलं इथेच घसरतात, कारण मोठ्यांना त्यांनी नेहमी आधी चूक कुणाची तेच ठरवताना पाहिलेलं असतं.

भांडण झाल्याझाल्या बैठक नको. दुसऱ्या दिवशी मोठ्या सुट्टीत, डबे खाऊन झाल्यावर वीस मिनिटं पुरतात. मध्यस्थ दोन, दोघंही दुसऱ्या तुकडीतले. शिक्षक नजरेच्या टप्प्यात, पण कानाच्या टप्प्याबाहेर. भांडणाऱ्या दोघांची यायची तयारी आहे ना, हे आधी वेगवेगळं विचारा. ढकलून पाठवलेला मुलगा मान डोलावतो आणि गेटबाहेर हिशेब चुकता करतो.

मग एकेकानं बोलायचं, मधे तोडायचं नाही. मध्यस्थानं दोघांचं म्हणणं परत सांगायचं आणि विचारायचं, 'आता काय झालं तर तुला चालेल?' तोडगा मध्यस्थानं सुचवायचा नाही, शांतता कितीही लांबली तरी. 'पुन्हा भांडणार नाही' असलं लिहून घेऊ नका, ते दोन दिवस टिकत नाही. 'सायकल विचारून नेईन, वाकलेलं मडगार्ड शुक्रवारपर्यंत सरळ करून देईन' असं लिहा, खाली दोघांच्या सह्या. आठवड्यानं मध्यस्थांनीच विचारपूस करायची.

काही प्रकरणं मुलांकडे द्यायचीच नाहीत: जबर मारहाण, पैसे उकळणं, जातीवरून शिवीगाळ, एकट्याला गाठून रोजचा छळ, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा. लैंगिक प्रकार तर शिक्षकांनीही शाळेत मिटवायचा नाही; बाललैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार (२०१२) तो पोलिसांना कळवावाच लागतो. म्हणून मध्यस्थांनी 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नये.

वहीत तारीख आणि ठरलेलं तेवढंच लिहा. कोण काय बोललं ते लिहिलंत, तर पालकसभेत कुणीतरी ते वाचून दाखवणारच.