होमलोनचा कॅशबॅक आणि विम्याची बचत : सरकारी नोकरीवाल्यांनो, सही करायच्या आधी या चुका टाळा

मागच्या महिन्यात दुपारच्या सुट्टीत आमच्या ऑफिसमधला एक पोरगा होमलोनचं सँक्शन लेटर, म्हणजे मंजुरीचं पत्र, घेऊन माझ्या टेबलापाशी आला. खूश होता बिचारा. "मॅडम, पंचवीस हजार कॅशबॅक देऊन राहिले, आज सही केली तरच म्हणतात. करून टाकू का?" मी विचारलं, लोन किती मागितलं होतंस? म्हणे तीस लाख. लेटरवर पाहिलं तर मंजूर रक्कम ३१,२०,०००. त्यानं तो आकडा बघितलाच नव्हता, कारण पहिल्या पानावर कॅशबॅकला पेनानं गोल करून दिला होता आणि वरचे एक लाख वीस हजार तिसऱ्या पानावर एका ओळीत होते, लोन सुरक्षा विम्याचा हप्ता म्हणून. म्हणजे हातात पंचवीस हजार आणि डोक्यावर एक लाख वीस हजार, तेही कर्जातच टाकलेले. ८.५० टक्क्यांनी २० वर्षांचा हिशोब केला तर त्या एक लाख वीस हजाराचाच ईएमआय महिन्याला साधारण १,०४१ रुपये होतो आणि शेवटपर्यंत जवळपास अडीच लाख भरले जातात.

हे मी एवढं पोटतिडकीनं लिहून राहिले कारण आमच्या घरी हेच झालं. २०१६ ला आम्ही नागपुरात बेसाला फ्लॅट घेतला, मिस्टर जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, लोन वीस वर्षांचं. विमा घेतल्याशिवाय फाइल पुढे जात नाही असं सांगितलं गेलं, आम्ही घेतला. सहा वर्षांनी कपाट आवरताना सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा कळलं की विमा फक्त ५ वर्षांचा होता, २०२१ लाच संपला, आणि लोन २०३६ पर्यंत आहे. मधलं अख्खं वर्ष आम्ही विमा आहे या समजुतीत काढलं. त्या दिवशी रात्री मला झोप लागली नाही.

कॅशबॅक बघायचा आणि व्याजदर विसरायचा

सगळ्यात मोठी चूक हीच. तीस लाख, २० वर्षं, ८.५० टक्के धरले तर ईएमआय २६,०३५ च्या आसपास येतो. तेच ८.२५ टक्क्यांनी २५,५६२. फरक महिन्याला ४७३ रुपयांचा, ऐकायला काहीच नाही, पण २४० हप्त्यांचा मिळून तो १ लाख १३ हजारांच्या वर जातो. आता पंधरा हजार कॅशबॅकसाठी पाव टक्का जास्त दरानं लोन घेतलं तर साधारण ३२ महिन्यांत तो कॅशबॅक वसूल होऊन जातो आणि त्यानंतरची सतरा वर्षं तुम्ही नुसते भरत राहता.

कॅशबॅक कधी मिळणार हेही विचारा. २०१७ ला आयसीआयसीआय बँकेनं प्रत्येक ईएमआयवर १ टक्का कॅशबॅकची योजना आणली होती, पण त्यातली पहिली रक्कम ३६ हप्ते भरल्यावर जमा होणार होती. योजना खोटी नव्हती, पण तीन वर्षांच्या आत ज्याला लोन दुसरीकडे न्यायचं त्याला तिचा उपयोग काय? म्हणून ऑफरच्या कागदावर तीन गोष्टी शोधा. रक्कम कोणत्या तारखेला येणार, एखादा हप्ता उशिरा गेला तर काय होणार, आणि लोन लवकर बंद केलं तर दिलेला कॅशबॅक परत मागणार का. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराच्या वैयक्तिक होमलोनवर प्रीपेमेंटचा, म्हणजे मुदतीआधी फेडण्याचा, दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, तरी अशी अट लिहिलीय का ते बघूनच घ्या.

आणि एजंट जर म्हणत असेल की विम्याच्या हप्त्यातलेच इतके रुपये मी तुम्हाला परत देतो, तर तिथंच थांबा. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे हप्त्यात अशी सूट देऊन विमा घ्यायला लावणं बेकायदेशीर आहे, दहा लाखांपर्यंत दंड आहे. खूप लोक याला कॅशबॅकच समजतात.

"विमा कंपल्सरी आहे" हे ऐकून गप्प बसायचं

लोन घेताना जीवन विमा घ्यायलाच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. बँकेनं अमुकच कंपनीचा विमा घ्या म्हणून अडवणूक करायची नाही, लोनशी त्याची विक्री बांधायची नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या नियमात स्पष्ट आहे. काउंटरवर भांडायची गरज नाही. शांतपणे म्हणायचं, "साहेब, विमा सक्तीचा आहे हे मला लेटरहेडवर लिहून द्या." माझ्या बघण्यात अजून कोणी लिहून दिलं नाही.

पण म्हणून विमाच नको, असंही माझं म्हणणं नाही. घरात एकच पगार असेल, पोरं लहान असतील तर विमा पाहिजेच. फक्त कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवा. बँकेच्या लोनसोबतच्या विम्यात कव्हर, म्हणजे विम्याची रक्कम, बहुतेक वेळा लोनसारखंच कमी कमी होत जातं, क्लेमचे पैसे आधी बँकेच्या खात्यात जातात आणि उरलं तर नॉमिनीला. स्वतंत्र टर्म प्लॅनमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या नुसत्या जीवन विम्यात, कव्हर शेवटपर्यंत तेवढंच राहतं, पैसे घरच्यांच्या हातात येतात, लोन दुसऱ्या बँकेत नेलं तरी पॉलिसीला धक्का लागत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावर जीएसटी शून्य झाला, पण ग्रुप पॉलिसीला, म्हणजे अनेकांच्या मिळून एका पॉलिसीला, ती सूट नाही, आणि बँकेत मिळणारं लोनचं कव्हर बहुतेक ग्रुप पॉलिसीच असते. ज्याला बीपी-शुगर आहे, टर्म प्लॅन मिळत नाही किंवा खूप महाग पडतो, त्यानं बँकेचं कव्हर जरूर विचारात घ्यावं, पण हप्ता लोनमध्ये न टाकता खिशातून भरावा.

आरोग्याच्या फॉर्मवर सगळीकडे "नाही" "नाही" टिक करून फक्त सही मागतात, ती तशी देऊ नका. गोळी चालू असेल तर लिहा. पॉलिसीची पहिली ३ वर्षं कंपनी लपवलेल्या माहितीवरून क्लेम नाकारू शकते, आणि तो नकार ऐकायला तुम्ही नसता, वहिनी असतात.

सॅलरी पॅकेजचा अपघात विमा म्हणजे लोनचा विमा असं समजायचं

सरकारी नोकरीवाल्यांची ही खास चूक. पगाराच्या खात्यावर बँका मोठ्या रकमेचा अपघात विमा फुकट देतात, चांगली गोष्ट आहे, पण तो अपघाताचाच. हार्ट अटॅक आला, कॅन्सर झाला तर त्यातला रुपया मिळत नाही. मी चार-पाच जणांना तरी "आपल्याला आहे ना पगाराच्या खात्यावर" असं म्हणताना ऐकलंय आणि दर वेळी पोटात गोळा येतो. त्याच पॅकेजमध्ये होमलोनच्या दरात किंवा प्रोसेसिंग फीत सवलत असते ती मात्र कोणी मागत नाही! ती मागा. आणि पगाराचं खातं पुढे दुसऱ्या बँकेत नेलं तर लोनची सवलत राहते का, तेही आताच विचारून ठेवा.

विम्याची मुदत, नाव आणि रिटायरमेंट न जुळवणं

आमचं जे झालं ते. सर्टिफिकेटवर कव्हर संपायची तारीख आणि लोन संपायची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघा. लोन नवरा-बायको दोघांच्या नावावर, ईएमआय दोघांच्या पगारातून, आणि विमा फक्त पहिल्या नावाचा, हेही सर्रास होतं. आणखी एक, रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो दर, वाढला की बँक बहुतेक वेळा ईएमआय तेवढाच ठेवून मुदत वाढवते, मग विम्याचं वेळापत्रक मागे राहतं आणि लोन पुढे जातं. राज्य सरकारात बहुतेकांची रिटायरमेंट ५८ ला, केंद्रात ६० ला. चाळिशीत वीस वर्षांचं लोन घेतलं आणि ते २४ वर्षांचं झालं तर शेवटचे हप्ते पेन्शनमधून जाणार, एनपीएसवाल्यांनी, म्हणजे ज्यांना जुनी ठरलेली पेन्शन नाही त्यांनी, तर याचा दोनदा विचार करावा.

घरबांधणी अग्रिम न विचारताच बँकेत पळायचं

नागपुरात केंद्राचे कर्मचारी काय कमी आहेत का? रेल्वे, एजी (महालेखापाल) ऑफिस, इन्कम टॅक्स, आयबीएम (भारतीय खाण ब्युरो), वायुसेना नगर. तरी बँकेचे कॅशबॅकचे मेसेज सगळ्यांना पाठ आणि एचबीए, म्हणजे सरकारच आपल्या कर्मचाऱ्याला घरासाठी देतं ते घरबांधणी अग्रिम, कोणाला माहीत नाही. केंद्राच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे कायम कर्मचाऱ्याला, आणि कायम नसेल तर ५ वर्षं सलग नोकरी झालेल्याला, ३४ महिन्यांचं मूळ वेतन किंवा २५ लाख, जे कमी असेल तेवढ्यापर्यंत, घर घ्यायला किंवा बांधायला मिळतं. व्याज सरळ, चक्रवाढ नाही. आधी १५ वर्षांत मुद्दल फिटते आणि मग ५ वर्षांत व्याज. नवरा-बायको दोघं केंद्रात असतील तर दोघांनाही घेता येतं, आणि आधी बँकेचं लोन घेतलेल्याला त्यातून एचबीएवर यायची सोयही त्या नियमात आहे. एचबीएत घराचा विमा काढावाच लागतो, तो मात्र खरंच अटीतला आहे. राज्य कर्मचाऱ्यांनाही घरबांधणी अग्रिमाची योजना आहे, आपल्या आस्थापना शाखेत जाऊन निधी आणि नंबर कधी लागेल ते विचारून या.

आरएल नसलेल्या प्लॉटवर ऑफरच्या मागे लागायचं

हुडकेश्वर, वाठोडा, बेलतरोडीकडच्या लेआउटमध्ये हा घोळ आजही होतो. प्लॉटचं एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, नाही म्हणून सरकारी बँक नाही म्हणते, मग एजंट एका फायनान्स कंपनीकडे नेतो, तिथं दर दीड-दोन टक्के जास्त, आणि वरून "वीस हजार कॅशबॅक" म्हणून समजूत काढायची. बापा, दोन टक्के जास्त दरानं तीस लाखावर पहिल्याच वर्षी साठ हजाराच्या आसपास जास्त व्याज जातं! आधी आरएल, मंजूर नकाशा, सातबारा किंवा आखीव पत्रिका हे सगळं वकिलाला दाखवा, सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी तपासल्याचा अहवाल, घ्या, आणि मगच बँक निवडा. प्रोसेसिंग फी भरून बसल्यावर फाइल नाकारली तर ते पैसे परत मिळतीलच असं नाही.

जीवनाचा विमा आणि घराचा विमा यात गल्लत करायची

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तळमजल्यावरचे फ्रिज, सोफे, कागदपत्रं सगळं गेलं. त्या वेळी अनेकांच्या तोंडी होतं, लोनचा विमा आहे ना. तो माणसाचा होता, घराचा नव्हता. घरासाठी २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्या देतात, त्यात आग, पूर, भूकंप येतो, आणि घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप कव्हर असतं. विमा बांधकामाच्या खर्चाचा काढायचा, जमिनीची किंमत धरून नाही, त्यामुळे हप्ता वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी येतो. खरी बचत इथं आहे.

चूक होऊन गेली असेल तर

पॉलिसी नुकतीच मिळाली असेल तर हातात आल्यापासून ३० दिवसांचा फ्री लूक काळ असतो, त्यात लेखी अर्ज करून ती परत करता येते. थोडीफार कपात होऊन पैसे मिळतात. फक्त अर्जात लिहा की परतावा लोन खात्यात जमा करा, आणि पोच घ्या, शिक्क्यासह. तीस दिवस उलटून गेले असतील तर सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे विमा मुदतीआधी बंद केला तर परत मिळणारी रक्कम, किती ते विचारा, आणि लोन बंद करताना किंवा दुसरीकडे नेताना ती मागायला विसरू नका, बरेच जण ती तशीच सोडून देतात.

लोन अजून उचललं नसेल तर काम सोपं आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिटेल लोनसाठी बँकेला केएफएस म्हणजे मुख्य माहितीचा कागद द्यावा लागतो. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, व्याज, फी, बँक वसूल करून देणार असलेला विमा, सगळं धरून वर्षाचा खरा दर. दोन बँकांचे केएफएस घ्या आणि हाच एक आकडा समोरासमोर ठेवा. हा कागद किमान तीन कामाचे दिवस वैध असतो, त्यामुळे "आजच सही करा" याला काही अर्थ नाही.

दर जास्त वाटत असेल तर जुन्या लोनवालेही बँकेला विचारू शकतात. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो ६.५० वरून ५.५० वर आला, तुमच्या स्टेटमेंटमध्ये तो टक्का उतरला का? एमसीएलआर किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर, म्हणजे बँकेनं स्वतः काढलेल्या जुन्या दरांवर, अडकले असाल तर रेपोशी जोडलेल्या दरावर बदलून मागा, थोडी फी लागते. ब्रँचनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. विम्याची तक्रार असेल तर बिमा भरोसा पोर्टल.

टॅक्सबद्दल एवढंच, की स्वतः राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट आणि मुद्दलावरची वजावट कराच्या जुन्या पद्धतीतच मिळते. नवीन पद्धत निवडली असेल तर "टॅक्स वाचेल" या बोलण्यावर विमा घेऊ नका.

आमच्या ऑफिसच्या पोरानं त्या दिवशी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी सीताबर्डीच्या दुसऱ्या एका ब्रँचमधून केएफएस आणला, दोन्ही कागद घेऊन पहिल्या बँकेत गेला आणि विमा नको असं लिहून दिलं. आठ दिवसांनी नवीन लेटर आलं, ३०,००,००० चं. कॅशबॅक गेला, पण दर ०.१५ नं कमी करून दिला. टर्म प्लॅनची मेडिकल त्यानं सोमवारी धंतोलीत दिली, रिपोर्ट यायचा आहे.