मुलाचा ताप उतरला आणि अंगावर पुरळ आलं: कारण शोधताना या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. लहान मुलाची पाठ, त्यावर लाल ठिपके, आणि खाली प्रश्न: "तीन दिवस ताप होता, आज हे आलंय. कशाचं असेल?" लगेच उत्तरं सुरू होतात. कुणी गोवर म्हणतं, कुणी उष्णता, कुणी पित्त, कुणी डेंग्यू. फोटोत फक्त पुरळ दिसतं. त्याआधीचे तीन-चार दिवस कसे गेले ते दिसत नाही, आणि कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

तापाचे दिवस न मोजणं

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात: पुरळ आलं तेव्हा अंगात ताप होता का? बरेच आईवडील इथे गोंधळतात. म्हणून ताप आला त्या दिवसापासून कागदावर तारीख, वेळ आणि थर्मामीटरचा आकडा लिहा. पुरळ दिसलं की ते आधी कुठे दिसलं तेही लिहा.

सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाला तीन ते पाच दिवस सणसणून ताप येतो, मग तो एकदम उतरतो आणि छाती-पोट-पाठीवर गुलाबी ठिपके उठतात. बाळ खेळतंय, दूध पितंय. हा बहुधा रोझिओला. विषाणूचा आजार आहे, दोन-तीन दिवसांत पुरळ आपोआप जातं.

गोवराचं उलट असतं. आधी ताप, खोकला, वाहणारं नाक, लाल डोळे. मग तीन ते पाच दिवसांनी पुरळ, आणि ते येताना ताप उतरत नाही, उलट चढतो. सुरुवात कानामागे आणि केसांच्या कडेला होते, तिथून चेहरा, छाती आणि मग पाय. म्हणून कपडे काढून पोट बघण्याआधी कान पुढे दुमडून मागे बघा. "आता बाहेर पडलंय, म्हणजे बरं होईल" असं म्हणत घरी थांबू नका. न्यूमोनियासारखा त्रास याच काळात होतो. 2022 च्या अखेरीस मुंबईत आणि आपल्या जिल्ह्यात भिवंडीत गोवराची साथ आली होती. लसीचे दोन डोस असतात, नऊ महिने पूर्ण झाल्यावर एक आणि 16 ते 24 महिन्यांत दुसरा. लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. गोवर असेल तर डॉक्टर 'अ' जीवनसत्त्वाचे डोसही देतात.

ताप गेला म्हणून निर्धास्त होणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डेंग्यूत धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब पडू शकतो. ताप उतरल्यानंतरचे 24 ते 48 तास मूल नजरेआड होऊ देऊ नका. पोटात सतत दुखणं, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गार पडलेले हातपाय, सुस्ती किंवा विनाकारण चिडचिड, सहा तासांत लघवी न होणं: यातलं एक जरी दिसलं तरी थेट हॉस्पिटल गाठा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

डेंग्यूतून बरं होताना हातापायांवर लालसर पुरळ येतं, मध्येमध्ये फिकट गोल ठिपके राहतात, खाजही सुटते. पण ते पुरळ बघून "आता सुटलो" असं स्वतः ठरवू नका. डेंग्यूसाठीची एनएस वन ही रक्तचाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी. त्यानंतर ती निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही. नुसत्या प्लेटलेट्सकडे बघूनही चालत नाही, रक्त किती घट्ट झालंय तेही डॉक्टर बघतात. आणि घरात उरलेली आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडची बाटली तापासाठी काढू नका. डेंग्यूची शंका असेपर्यंत पॅरासिटामॉलच, तेही वजनाप्रमाणे.

डाग दाबून न बघणं

काचेचा पारदर्शक पेला घ्या, त्याची कड डागावर दाबा आणि आरपार बघा. डाग फिका पडला तर बहुधा साधं पुरळ. दाबूनही तसाच लाल किंवा जांभळा दिसला, तर त्वचेखाली रक्त उतरलंय. सोबत ताप असेल किंवा मूल झोपाळलेलं असेल तर वाट बघायची नाही. डेंग्यूपासून मेंदूज्वरापर्यंत काहीही असू शकतं. सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही, ट्यूबलाइटमध्ये तर नाहीच. बाळाला खिडकीशी दिवसाउजेडात न्या; तळहात, तळपाय आणि तोंडाच्या आतही बघा.

तोंडात फोड, तळहात-तळपाय आणि ढुंगणावर पुटकुळ्या असतील तर हँड-फूट-माउथ. पावसाळ्यात पाळणाघरांतून झपाट्याने पसरतो, पण सहसा आठवडाभरात बरा होतो. मात्र ताप पाच दिवस हटत नसेल, डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी लाल, हातपाय सुजलेले, तर डॉक्टरांना "कावासाकी (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) तर नाही ना?" असं स्पष्ट विचारा. त्याचा उपचार ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत झाला तर हृदयाच्या रक्तवाहिन्या वाचण्याची शक्यता खूप वाढते.

आधी क्रीम, मग डॉक्टर

मेडिकलवाल्याने दिलेल्या मिश्र क्रीममध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. ते लावलं की पुरळाचं रूप बदलतं आणि ओळखणं अवघड होतं. कांजण्यांवर तर ते घातकच. हळद, आमसुलाचं पाणी, कॅलामाइनचा गुलाबी थर, सगळं डॉक्टरांनी बघेपर्यंत थांबू द्या. अंघोळ मात्र बंद करू नका. कोमट पाण्याने हलक्या हाताने घाला.

"अँटिबायोटिकची ॲलर्जी आहे" हा शिक्का

चौथ्या-पाचव्या दिवशी पुरळ आलं आणि औषध चालू होतं, की दोष औषधावर जातो. कित्येकदा ते विषाणूचंच असतं, आणि शिक्का मात्र वर्षानुवर्षं राहतो. पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा, औषधाची बाटली घेऊन जा, आणि पुरळ पहिल्या डोसनंतर किती वेळाने आलं ते सांगा. ओठ सुजले, श्वास लागला, किंवा तोंडात-डोळ्यांत फोड येऊन कातडी सुटू लागली, तर फोनही नको, सरळ इमर्जन्सी.

शाळेत कधी पाठवायचं? गोवरात पुरळ आल्यापासून किमान चार दिवस घरी ठेवा. कांजण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. आणि यांपैकी कशाचीही शंका असेल तर दवाखान्यात जाण्याआधी फोन करा, म्हणजे तान्ही बाळं आणि गरोदर बायका बसलेल्या वेटिंग रूममध्ये तुमच्या मुलाला बसावं लागणार नाही.