आउटपुट शॉर्ट झाला तर ऑप-अँप किती तापेल? असा काढा हिशोब

ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणारी चिप, ऑपरेशनल अँप्लिफायर) डेटाशीटवर शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन लिहिलेलं दिसलं की आउटपुट ग्राउंडला कितीही वेळ टेकला तरी चालतो असं बरेच जण धरून चालतात. पण करंट लिमिट फक्त करंट अडवतं, चिप तापायची थांबत नाही, आणि थर्मल शटडाउन (फार तापल्यावर आपोआप बंद होणं) काही सगळ्याच चिपमध्ये नसतं.

आधी करंट बघा. शॉर्ट झाला की फीडबॅकला (आउटपुटमधून इनपुटकडे परत येणारी वायर) शून्य व्होल्ट दिसतात, मग इनपुटला ०.१ व्होल्ट का असेना, चिप आउटपुट वर ढकलायला सगळा जोर लावते आणि थेट लिमिटला जाऊन बसते. म्हणजे सिग्नल छोटा आहे म्हणून करंट कमी, हे इथे चालत नाही. डेटाशीटमधला शॉर्ट सर्किट करंट घ्यायचा, टिपिकल नाही, मॅक्सिमम. एलएम३५८ ला (एकाच चिपमध्ये दोन ऑप-अँप, म्हणजे दोन चॅनल) ६० मिलीअँपिअर धरा.

आता व्होल्टेज. सप्लाय वजा आउटपुट, एवढं सगळं आतल्या ट्रान्झिस्टरवर पडतं. २४ व्होल्टवर ग्राउंडला शॉर्ट म्हणजे २४ गुणिले ०.०६, १.४४ वॅट. चिप स्वतः खाते तो करंट यात मिळवायचा असतो पण इथे तो किरकोळ आहे, सोडून द्या. प्लस-मायनस १५ वाल्या सर्किटमध्ये आउटपुट उलट्या रेलला (सप्लायच्या दुसऱ्या टोकाला) चिकटला तर मात्र हिशोब १५ चा नाही, ३० व्होल्टचा, हे हमखास विसरलं जातं.

मग वॅटला जंक्शन (आतली सिलिकॉन) ते अँबियंट (बाहेरची हवा) थर्मल रेझिस्टन्सने, म्हणजे एका वॅटला किती अंश वाढतात त्या आकड्याने, गुणा. ८ पिनच्या छोट्या एसएमडी पॅकेजला १५० अंश प्रति वॅट धरू (बोर्डवर कॉपर किती त्यावर हे बरंच हलतं). १.४४ गुणिले १५० म्हणजे २१६, डब्यातली हवा ३५ अंश असेल तर जंक्शन २५१ वर. लिमिट १५०, म्हणजे गेली. आणि हा एकच चॅनल, दोन्ही शॉर्ट झाले तर बोलायलाच नको. तीच चिप ५ व्होल्टवर ०.३ वॅट, ४५ अंश वाढ, आरामात बसेल. बोट लावून अंदाज घेऊ नका, आतली सिलिकॉन वरच्या प्लास्टिकपेक्षा खूप आधी तापते.

हिशोब बसत नसेल आणि लोडला फार करंट लागत नसेल तर आउटपुटला सिरीजमध्ये १ किलोओहम टाका, फीडबॅक त्याच्या पुढून घ्या. चिपवरची जास्तीत जास्त उष्णता म्हणजे सप्लायचा वर्ग भागिले चारपट रेझिस्टन्स, इथे ०.१४४ वॅट, जेमतेम २२ अंश वाढ. फक्त आता शॉर्टमध्ये त्या रेझिस्टरवर २२ व्होल्ट येतात, जवळपास अर्धा वॅट, त्यामुळे पाव वॅटचा लावलात तर तो काळा पडेल, १ वॅटचाच लावा.